व्हिएन्नाची ट्रायल रन

७ नोव्हेंबर, शुक्रवार. अल-खोबर, सौदी.
व्हिएन्ना नक्की. चार दिवस, फक्त मी आणि शर्विल. तो सात वर्षांचा आहे. मी प्लँटवरून उशिरा येते, म्हणून शाळेतून थेट शेजारच्या इस्मतखालांकडे जातो. काल त्यांना चुकून अम्मी म्हणाला. त्यांच्या झोयाचं ऐकून ऐकून. मला काही वाटलं नाही. व्हिएन्नाचा याच्याशी संबंध नाही.
प्लॅन दाखवला: प्राणिसंग्रहालय, उंच पाळणा, राजवाड्यात मुलांना राजपुत्राचे कपडे घालायला देतात ते. इज झोया कमिंग, त्याने विचारलं. नाही म्हटलं. ओके, म्हणाला. उत्साह आतल्या आत ठेवतो. माझ्यावर गेलाय.

९ नोव्हेंबर
गुरुनाथ यान्बूला शटडाऊनवर, बंद प्लँटच्या दुरुस्तीला. इथून बाहेर जाऊन परत यायचा परवाना, एक्झिट री-एंट्री, नवऱ्याच्याच फोनवरून निघतो. मल्टिपल काढतो म्हणाला. मी सांगितलं, सिंगल. एकदा जायचं, एकदा यायचं. गरज नसलेली गोष्ट सिस्टीममध्ये ठेवायची नाही. बरं बाई, म्हणाला. त्याला पटलं.

१३ नोव्हेंबर, गुरुवार
शंका एकच. शर्विल दिवसभर चालेल का? आमच्याकडे कुठलाही पंप ट्रायलशिवाय चालू करत नाहीत. उद्या त्याला घेऊन बहारीन. पुलावरून गाडीने. किल्ला, म्युझियम, मग चालणं. व्हिएन्नाच्याच क्रमाने.
इस्मतखाला हसल्या. अगो निवेदिता, सहलीची पण रिहर्सल? पोराला जरा दम खाऊंदे. त्या प्रेमळ आहेत, पण टेक्निकल नाहीत.
गुरुनाथला सांगितलं नाही. तोही हसला असता.

१४ नोव्हेंबर, शुक्रवार
ट्रायल यशस्वी. किल्ल्यावर रडला, पण चालत चालत रडला. वेग कायम. म्युझियममध्ये फरशीवर बसकण मारली. आय वाँट टु गो होम. होम म्हणजे कुणाचं, ते मी विचारलं नाही.
पुलावर जाताना-येताना परवाना बिनतक्रार चालला. म्हणजे कागदपत्रंही आपोआप तपासून झाली.

२१ नोव्हेंबर, शुक्रवार. दम्माम विमानतळ.
काउंटरवरचा माणूस स्क्रीनकडे बघत राहिला. नो एक्झिट री-एंट्री. मी प्रिंट पुढे केली. सिस्टर, बहारीन. गो, कम बॅक, खलास. त्याने बोटाने काउंटरवर पूल ओलांडून दाखवला आणि परत आणला.
परवाना एका फेरीचा होता. ती फेरी मी ट्रायलमध्ये संपवली.
घाबरायचं कारण नाही. नवा लगेच निघतो. गुरुनाथच्या फोनवरून.

थोड्या वेळाने
गुरुनाथचा फोन लॉकरमध्ये. प्लँटमध्ये फोन नेत नाहीत. हा नियम योग्यच आहे, मीसुद्धा पाळते. कंट्रोल रूमला लावला. कुणी शौकत म्हणून होते. मॅडम, गुरुनाथभाई टँक के अंदर हैं, निकलेंगे तो बोलता हूं. कधी निकलेंगे? काम होगा तब निकलेंगे ना.
शर्विल बॅगेवर बसलाय. आर वी लेट? मी नाही म्हटलं. आमच्या फ्लाइटचं नाव पुकारलं. आर वी लेट नाऊ? पुन्हा नाही म्हटलं.

नंतर
गेट बंद. सुट्टी संपेपर्यंत दुसऱ्या विमानात जागा नाही. गुरुनाथचा फोन आला. मल्टिपल हा शब्द त्याने एकदाही उच्चारला नाही. शेवटी मीच फोन ठेवला.
शर्विल रडला नाही. कॅन वी गो टु खाला नाऊ? वाटेत दोनदा विचारलं.

२२ नोव्हेंबर, शनिवार. घरी.
शांतपणे विचार केला. शहर हा मुद्दाच नव्हता. माझी रजा आहे, त्याची सुट्टी आहे. नवा प्लॅन: आज समुद्रकाठी कॉर्निशवर सायकल, मग मॉल, संध्याकाळी पतंग. या प्लॅनला परवाना लागत नाही. सकाळी नाश्त्यानंतर सुरुवात.

नाश्त्यानंतर
मी सांगायच्या आधीच तो दारात उभा. चप्पल घालून, केसांना पाणी लावून. आज खालांकडे सांदणं आहेत, फणसाचा रस ते मुंबईहून डब्यातून मागवतात, पीठ ढवळायचं काम त्याचं आणि झोयाचं. हे सगळं एका दमात. इतकं तो माझ्याशी महिन्याभरात बोलला नसेल.
मी म्हटलं, बरं. मग विचारलं, मी पण येऊ का?
त्याने थोडा विचार केला. एरवी इंग्रजीत उत्तर देतो. आज मराठीत दिलं. थांब हं, म्हणाला, आधी खालांना विचारून येतो.