बहिऱ्या आजीची जहाजफेरी

न्यूयॉर्क, १९ मे १८३६

चि. ओबेडला हल्डाआजीचे पोटभर आशीर्वाद.

तू लिव्हरपूलला सुखरूप पोचला असशील. आधी गोड बातमी. लिडियाला मुलगी झाली! बाळ-बाळंतीण ठणठणीत. नाक थेट तुझं, आणि रडणं असं की शेजारची पोर्टरबाई म्हणाली, "कप्तानाचीच गं ही! डोलकाठीच्या टोकाला ऐकू जाईल!" दिवसभर माझ्या मांडीवरच असते.

लिडिया पत्र लिहून देते म्हणत होती, पण हे माझं मीच लिहितेय. अक्षर म्हणजे कोंबडीचे पाय आहेत, सांभाळून घे.

जहाजावरच्या तांबड्या गाईच्या सडांना लोणी लावायला सांग आचाऱ्याला. तुमच्या केबिनवाल्यांना रोज ताजं दूध हवं, पण मेल्यांना धार काढता येत नाही. तुला निरोप द्यायला आले आणि तिचं हंबरणं ऐकून तिच्या खोपटातच बसले.

तिथे मी सापडेस्तोवर जहाज बंदराच्या तोंडाशी गेलं होतं. जहाज बंदराबाहेर काढून देणाऱ्या वाटाड्याच्या होडीत मला उतरवण्यात बाहेर पडायची ओहोटी हुकली, रात्रभर नांगर टाकून बसलात, आणि दुसऱ्या कंपनीचं जहाज तुमच्या नाकासमोरून पुढे गेलं. धुकं असो, बर्फ असो, ठरल्या वेळी निघणारी आपली जहाजं! आता धक्क्यावरचे हमाल मला विचारतात, "आजी, पुढची फेरी कधी?"

मालक व्हिटलसीशेठ घरी आला होता. माझ्यासमोरच लिडियाला म्हणाला, "परत आला की जहाज दुसऱ्याला देणार. ज्याला स्वतःची आजी वेळेवर उतरवता येत नाही, त्याच्या हाती माझा माल कसा देऊ?" तू वाटाड्याकडून शेठला निरोप धाडला होतास ना, की आजी बहिरी आहे, पाहुण्यांनी उतरायची घंटा तिला ऐकू गेली नाही, चूक माझी?

ओबेड, घंटा मला ऐकू आली होती.

मी बहिरी नाही रे. पाद्रीबुवांचं प्रवचन लांबायचं, म्हणून एकदा सोंग घेतलं, ते अंगवळणी पडलं. त्या दिवशी वाटलं, नातू कप्तान झालाय, एकदा त्याला हुकूम सोडताना बघू. एरवी कोण मला समुद्रावर न्यायला बसलंय! म्हणून गाईच्या आड गप्प राहिले. तुझ्या एका हाकेवर माणसं सरसर डोलकाठीवर चढली तेव्हा मी गाईच्या गळ्यात पडून रडले.

मग मला उतरवताना तू माझ्या कानाशी ओरडलास, "काही काळजी करू नकोस, आजी!" त्याआधी पुटपुटला होतास, "आजी, माझं जहाज घालवलंस गं." मी दोन्ही ऐकलं. आणि हसून मान हलवली.

काल शेठच्या पेढीवर गेले. तो ओरडला, "काय हवंय, आजीबाई?" म्हटलं, "ओरडू नका, मला ऐकू येतं." सगळं सांगितलं. हमाल हसतात तसा तो हसला असता तर बरं वाटलं असतं. म्हणाला, "जहाजाचं मी ठरवीन. पण हे तुमच्या नातवाला ठाऊक आहे का?"

नव्हतं. आता झालं. परत आलास की मला काय बोलायचं ते बोल. हळू बोललास तरी चालेल.

तुझी, सगळं ऐकू येणारी,
आजी