क्लाइना जेवत नाही

९ सप्टेंबर
पोचले एकदाची! शेजारच्या लाउगाच्या ट्रकमधून बॅगा उतरवल्या तेव्हा गुन्नार एयोल्फसन दारातच उभा होता, बुटांना माशांचे खवले तसेच चिकटलेले. उद्या तो सरोवराच्या उत्तर टोकाला, मासेमारीच्या तळावर जाणार. पाणी गोठेपर्यंत काही परत यायचा नाही. तोवर हे घर आणि त्याची आठ वर्षांची सोलरुन माझ्या ताब्यात. कोमार्नोच्या शाळेत आख्ख्या गावाच्या पोरांना जेवायला घातलं, इथे एका पोरीचं काय घेऊन बसलात, असं मी त्याला म्हटलं. हसला नाही तो. बायको गेल्यापासून त्याचं हसूच गेलंय, असं लाउगा म्हणते. हुल्दा तिचं नाव. गेल्या ऑक्टोबरात सरोवरात बुडाली म्हणतात. सापडली मात्र नाही.

घर छान आहे. चुनखडीच्या टेकाडावर, दक्षिणेकडून दिवसभर ऊन. स्वयंपाकघर ऐसपैस, कोठीच्या खोलीत खाली तळघरात उतरायची झडप, बटाटे-बीट ठेवायला. आणि खिडकीशी काचेच्या पेटीत क्लाइना! लाल ठिपक्यांची, पिवळ्या पट्टीची, गार्टर जातीची बिनविषारी सापीण. नाताळात तळतात त्या क्लाइना नावाच्या पीळदार गोड शंकरपाळ्यासारखी वळून बसते म्हणून सोलरुननं ठेवलेलं नाव. या भागात वाढलेल्या बाईला गार्टर सापाची कसली भीती? पण ब्रेडचं पीठ मळायच्या ओट्याशेजारी साप पाहायची ही पहिलीच वेळ.

१४ सप्टेंबर
सोलरुन मला 'तेता' म्हणायला लागली. आमच्याकडे मावशीला म्हणतात तसं. अट एकच होती, मी क्लाइनाला नीट ओळखायला शिकायचं. तेव्हा शाळा सुरू आहे. जीभ सावकाश आतबाहेर करत असेल तर तिला नुसतं कुतूहल आहे. भराभर करायला लागली की वास लागला, मासा आणा. अंग चपटं केलं की राग आलाय. आणि घाबरली की काय करते ते माझ्या एप्रनला विचारा. दोनदा धुतलं तरी घाण वास जात नाही. सोलरुन पोट धरधरून हसत होती.

"तेता, तू तिच्याकडे टक लावून बघतेस! बघायचं नसतं. हात पुढे धरायचा आणि तिला तुझा वास घेऊ द्यायचा."

गांडूळ मिळालं तर उत्तम, नाहीतर माशाची बोटाएवढी पातळ पट्टी. डोळे दुधाळ झाले की कात टाकायची वेळ, तेव्हा काही घालायचं नाही. तिला तेव्हा धड दिसत नाही, कुणी हातही लावलेला खपत नाही.

आज पोरगी बोर्श्ट सूपचे दोन वाडगे प्यायली. बीटनं ओठ लाल झाले होते. किती दिवसांनी कुणाला असं जेवताना पाहिलं.

२४ सप्टेंबर
साप परतायला लागले. दरवर्षीप्रमाणे शेतांतून, रस्त्यांवरून टेकाडाकडे. जमिनीखालच्या चुनखडीच्या फटींत यांची हिवाळ्याची घरं. आपल्या दक्षिणेच्या भिंतीला तर नुसता ताफा ऊन खात पडलेला असतो. पायानं बाजूला सारत कपडे वाळत घातले.

क्लाइना जेवेना झालीये. तोंड फिरवते, पेटीचा कोपरा हुंगत बसते. लाउगा कॉफीला आली होती, तिनं सांगितलं की या दिवसांत त्यांची भूक मरते, उपाशीच खाली जायचं असतं. पोटात अन्न असताना गारठा लागला तर ते आतच कुजतं आणि साप मरतो. घरात ठेवायचा तर ऊब द्या आणि खाऊ घाला, दोन्ही एकदम. मी पेटीवर दिवा टांगला. संध्याकाळपर्यंत बाईसाहेबांनी माशाच्या तीन पट्ट्या गिळल्या आणि दिव्याखाली सुस्तावून पडल्या. कोपरा हुंगणं बंद.

सोलरुनला मात्र आवडलं नाही. "तिला खाली जायचं होतं," एवढंच म्हणाली.

५ ऑक्टोबर
आज सोलरुननं ताट सरकवलं. कालही. पॅनकेक केले, बेरीचा मुरांबा दिला, तिच्या आईच्या पद्धतीचा मनुकांचा थरांचा केक लाउगाकडून मागवला. काही नाही. दुखतंय का विचारलं तर मान हलवते. दुपारभर बाहेर भिंतीला पाठ लावून उन्हात बसते. भोवती साप. एक तिच्या मांडीवर होता. तिनं हात हलवला नाही, मीही ओरडले नाही. ओरडायला हवं होतं का?

१२ ऑक्टोबर
तिचे हात गार असतात. शेगडीशी बसवलं तरी गार. बोटांवरची कातडी पापुद्र्यासारखी सुटतेय. आज सकाळी वेणी घालताना हनुवटी धरून तोंड वर केलं तर डोळ्यांवर दुधाळ झाक. मी कंगवा टाकून लाउगाकडे धावले.

लाउगानं हातातला कप खाली ठेवला. मग म्हणाली, "हुल्दाचंही असंच झालं होतं गं. जेवण तुटलं. त्या भिंतीशी बसायची. आम्हाला वाटलं, पोटचं दुसरं मूल गेलं त्याचं दुःख. एका थंड सकाळी घरात नव्हती. दारं आतून बंद होती, ओरिसिया. तरी आम्ही सरोवरच धुंडाळत बसलो."

मी विचारलं, का? ती म्हणाली, दुसरीकडे कुठे बघायचं ते कुणाला बोलायचं नव्हतं.

१५ ऑक्टोबर
डॉक्टरकडे नेऊन आणलं. थर्मामीटर दोनदा झटकून लावला, मग बिघडलाय म्हणाले. अशक्तपणा, गरम खायला घाला, सोमवारी परत आणा, मोठ्या इस्पितळात पाठवू. गुन्नारला तळावर निरोप धाडलाय. मासे न्यायला येणारी बोट गेली तरच त्याला मिळायचा.

परत येताना ट्रकमध्ये ती माझ्या कुशीत होती. घर दिसल्यावरच तिनं मान उचलली.

१७ ऑक्टोबर
तळघरात बटाटे आणायला उतरले. मागच्या भिंतीत खडकाला भेग आहे, माणूस आडवा होऊन जाईल एवढी. गुन्नारनं तिच्यावर फळ्या ठोकल्या होत्या. त्यातल्या दोन उपटलेल्या. खाली हातोडी. पोरीच्या नखांत लाकडाची कुसळं.

मी खडसावून विचारलं. ती अजिबात घाबरली नाही.

"आई बुडाली नाहीये, तेता. तिला थंडी वाजत होती म्हणून ती झोपायला गेली. वसंतात सगळे वर आले ना, तेव्हा ती पण आली होती. फळ्यांपर्यंत आली होती. मी ऐकलं. बाबांनी पण ऐकलं."

"मग बाबांनी काय केलं?"

"अजून खिळे मारले."

मी फळ्या परत ठोकल्या. दोन खिळे वाकले. ठोकताना भेगेतून वारा येत होता. गार, आणि त्याला माझ्या एप्रनचा तो वास.

१९ ऑक्टोबर
सोमवारपर्यंत थांबायचं नाही. क्लाइनाला जमलं ते पोरीला का जमू नये? ऊब आणि अन्न, दोन्ही एकदम. शेगडी लाल केली. कढत पाण्याच्या टबात तिला बसवलं, पाणी निवलं की परत ओतलं. दुपारी गालावर रंग आला. मी हात पुढे धरला, हातात माशाचा तुकडा. तिच्याकडे बघितलं नाही. तिनं खाल्लं! मग आणखी. मग रस्सा, ब्रेड, बटाटे. खाताना रडत होती, मीही रडत होते. देवा, शाळेत कुणाच्या ताटाकडे इतक्या आशेनं बघितलं नव्हतं. नंतर शेगडीशी झोपली. भिंतीकडे गेली नाही. जेवलेली खाली जात नाही. जिंकले मी —

२१ ऑक्टोबर
वादळ. इतक्या लवकर असलं बर्फ नसतं कधी. फोन बंद, वीज गेली. क्लाइनाचा दिवा गेला. पेटी शेगडीशी आणली. लाकडं ओली. आज सोमवार, आणि रस्ता कुठे आहे तेच दिसत नाही.

सोलरुन जेवतेय. थोडं. मला म्हणाली, "तेता, माझं पोट जड झालंय." मी म्हटलं, छान.

२२ ऑक्टोबर
क्लाइना मेली. पोट फुगलेलं, टम्म. उचललं तर तोंडातून — वास —

लाउगानं सांगितलं होतं. सांगितलं होतं मला. ऊब नसेल तर —

पोरीला तीन ब्लँकेटांत गुंडाळून शेगडीला चिकटून बसलेय. ती गार आहे. पोटात मी घातलेलं सगळं आहे. लाकडं संपत आलीत. खुर्च्या फोडते.

पुढे, दुपार
खुर्च्या फोडायला गेले. एवढाच वेळ. ब्लँकेटं रिकामी. कोठीतली झडप उघडी —

फळ्या भेगेच्या आतून ढकललेल्या. आतून. जमिनीवर पडल्यात, खिळ्यांची टोकं वर.

हाका मारल्या. भेगेत हात घातला, खांद्यापर्यंत. साप, नुसते साप, गोळाच्या गोळा, गार, हलत पण नाहीत. त्यांच्यामागे कुणाचे तरी केस. लांब. सोलरुनचे आखूड आहेत.

तिला थंडी लागली तर ते आत — मी घातलंय ते. मीच घातलंय. वर आणलीच पाहिजे. आजच. भेग अरुंद आहे. कोट काढला, पोलकं काढलं, तरी छातीशी अडतं —

२३ ऑक्टोबर
आवाज आला. तिचाच. जिवंत आहे. खूप आतून. पोट दुखतंय म्हणाली. मी म्हटलं राणी ये, वर ये, शेगडी आहे. शेगडी नाहीये. खोटं बोलले.

मग गप्प. मग कुणीतरी तिला हळू काहीतरी सांगितल्यासारखं. ती म्हणाली, तेता, आई म्हणते तू ये. तू आलीस तर मला वर पाठवते म्हणते. पण तुला मावायचं असेल तर रिकाम्या पोटी ये.

मी आठवतेय. काल खाल्लं का. परवा खाल्लं का. पोरीला भरवत होते, माझं ताट —

खडूसारखे झालेत हात. थंडी वाजत नाही. कागद धूसर दिसतोय, डोळ्यांवर काहीतरी —

आले गं सोलरुन. आता छातीशी अडत नाही. डोकं गेलं, खांदे गेले, परत येऊन हे एवढं लिहितेय, गुन्नार, कुणीही, फळ्या ठोकू नका. पोरगी वर येईल. वसंतात आम्ही पण — ठोकू नका, ऐका, ठोकू