रिकाम्या जागांची वजाबाकी

१० जून, मंगळवार
पुन्हा तेच. कार्डावर आठ टिकल्या. मी तीन काढल्या, विचारलं, "किती उरल्या?" हर्षदाने माझ्या मुठीतून त्या तिन्ही काढून घेतल्या, जागच्या जागी चिकटवल्या आणि आठचं कार्ड उचललं.

मणी झाले, फुलांची चित्रं झाली. माझ्या शिकवणीला येणारी हर्षदा स्वमग्न आहे, फारशी बोलत नाही, पण बेरीज दाखवली की अंकाचं कार्ड भराभर उचलते. वजाबाकीलाच अडते. पुढच्या आठवड्यात शाळेत मुख्याध्यापिका सुषमाबेन तिला तपासणार. वजाबाकी आली तर इतर मुलांबरोबर दुसरीत. नाही तर पुन्हा त्या वेगळ्या खोलीत, खेळण्यांजवळ.

माझंच काहीतरी चुकतंय.

११ जून
कार्डांचे रंग बदलले. कडा पुन्हा कापल्या. उपयोग नाही. आई म्हणाली, "पोरगी ठीक आहे, आता तूच कुणाकडून तपासून घे."

१२ जून, गुरुवार
हर्षदाच्या घरी गेले, लिंबायतला. तिची आई वर्षाताई साडी पसरून नक्षीवर टिकल्या चिकटवत होत्या. शेजारी हर्षदा. तिचं बोट नक्षीवरून फिरत जातं आणि टिकली गळलेली असेल तिथे थांबतं. आई टिकली लावते. बोट पुढे.

"ही जवळ असली की आमचा एकपण पीस परत येत नाही, बेन," वर्षाताई म्हणाल्या. "रिकामी जागा दिसली की तिला चैनच पडत नाही."

तेव्हा लक्षात आलं. या घरात टिकली निघाली म्हणजे माल बिघडला. आणि मी रोज तिच्यासमोर माल बिघडवून वर विचारत होते — किती उरल्या!

१३ जून, शुक्रवार
प्रश्न उलटा केला. कार्डावर आठ गोल, पाचांवर टिकल्या. "किती पाहिजेत?" लगेच तीनचं कार्ड. नऊ गोल, दोन टिकल्या — सात. एकदाही चुकली नाही. टाळ्या वाजवाव्याशा वाटल्या, पण तिला आवाज सहन होत नाही. ओठ दाबून हसत बसले.

१४ जून
पण ही वजाबाकी झाली का? काढून घेतलं की कमी होतं, हे तिला अजून कुठे कळलंय? की सोपं करून मी स्वतःचीच समजूत घालतेय?

जेवताना अप्पांना विचारलं. शाळेत जायच्या आधीचं माझं सगळं गणित अप्पांकडचं — लूमच्या कारखान्यातून यायचे आणि ओट्यावर खडूने मांडायचे. म्हणाले, "प्रश्न फिरवलास. उत्तर तर नाही ना फिरवलंस?"
"नाही."
"मग भाकरी खा."

तरी मनात राहिलंच.

१९ जून, गुरुवार
सुषमाबेनांच्या कागदावर आंबे, त्यातल्या काहींवर फुल्या. मला बोलायची मनाई. हर्षदाने पेन्सिल घेतली आणि फुली मारलेल्या प्रत्येक आंब्याशेजारी नवा आंबा काढला. देठासकट.

"हे काय?" सुषमाबेन म्हणाल्या. वर्षाताईंनी पदर तोंडाशी धरला.

मी बोललेच. "एकदा 'किती कमी आहेत' असं विचाराल, बेन? माझी टिकल्यांची कार्डं नकोत. तुमच्या ऑफिसमधलं काहीही घ्या."

त्यांनी जरा रागानेच भिंतीवरच्या चाव्यांच्या फळीकडे बोट केलं. "चालो. किती चाव्या कमी?"

हर्षदाने वर पाहिलं आणि चारचं कार्ड दिलं. बेन उठल्या, फळीजवळ जाऊन रिकामे खिळे मोजले. "दोन परत आल्या तर?" दोनचं कार्ड. बेन परत खुर्चीत बसल्या. रागाचं नाव नाही.

चाव्या मी तिला कधी शिकवल्या नव्हत्या. ते तिचं तिने केलं. रिक्षा न करता चालत घरी आले. रस्त्यात कुणीतरी 'एवढी खूश का?' असं विचारावं, असं वाटत होतं.

२० जून
दुसरीत घेतलं! वर्षाताई फोनवर आधी रडल्या, मग हसल्या. "ह्यांना कारखान्यात फोन केला, मशीनच्या आवाजात ऐकूच येईना. ओरडून सांगितलं. गल्लीला कळलं, ह्यांना नाही."

२७ जून, शुक्रवार
शाळा सुटल्यावर दोघी आल्या. हर्षदाने आपणहून आठ टिकल्यांचं कार्ड ओढलं, दोन टिकल्या काढून बाजूला ठेवल्या आणि सहाचं कार्ड खाली मांडलं. वर्षाताईंचा हात सवयीने त्या दोन टिकल्यांकडे गेला. हर्षदाने तो धरला.

"गेल्या," म्हणाली.