दोनशे बारावं पान

वडूज, ५ फेब्रुवारी

प्रिय संयू,

पाकीट बघून दचकू नकोस, माझी तब्येत ठीक आहे. डावा डोळा गेल्यातच जमा आहे. उजव्यानं अजून दिसतं, पण कडेकडेनं अंधारत चाललंय. मिरजेचे डॉक्टर या खेपेलाही तेच म्हणाले, काचबिंदूनं नेलेली नजर परत येत नाही, उरलेली जपायची. म्हणून मोठ्या अक्षरात लिहितेय. ओळी वरखाली झाल्या तर समजून घे.

ज्वारीची कणसं भरलीत. शेजारची शालूबाई रोज सकाळी डोकावून जाते. तू मात्र दिवाळीपासून आली नाहीस. सांगली काही लांब नाही. फोन करतेस, डोळ्यात थेंब घातले का विचारतेस, आणि आबांचा विषय निघाला की तुला नेमकी कुणीतरी हाक मारतं.

तुला एक गोष्ट कधी सांगितली नव्हती. माझी शाळा दुसरीत सुटली. लग्नानंतर आबा फौजेत, सिग्नलमध्ये. त्यांची पत्रं यायची ती पोस्टमन तात्याबा ओट्यावर बसून मोठ्यानं वाचायचे. नवऱ्यानं बायकोला लिहिलेलं सगळ्या आळीनं ऐकायचं. एकदा वाचता वाचता ते थांबले, पत्र माझ्या हातात दिलं आणि म्हणाले, "हितनं फुडं तुजं तूच वाच, बाई." त्या चार ओळींसाठी मी वाचायला शिकले. पाटीवर अक्षरं गिरवत पावसाळा घालवला. मग वाचनाचं वेडच लागलं. वाचनालयात जाऊन मी 'मालकांच्या कार्डावर द्या' म्हणायची. नाव कसं घ्यायचं? आबा रिटायर होऊन आले तेव्हा त्यांच्या कानावर हे गेलं आणि ते किती तरी दिवस हसत होते. "मालक? कशाचा गं मालक मी? ह्यो ट्रान्झिस्टर तेवढा माझा हाय."

माझ्या डोळ्यांचं कळल्यावर ते रोज दुपारी जेवण झालं की फोन पुढ्यात ठेवून, त्यावर रेकॉर्ड करत पुस्तक वाचायला बसायचे. माझ्या अंधारासाठी साठवण करत होते. पान संपलं की वायरलेसवर असल्यासारखे "ओव्हर" म्हणायचे. मधेच खोकला, मागं बनुबाईच्या कोंबड्या, सगळं त्यात आलंय. आपल्या छातीत काय चाललंय ते त्यांना तेव्हाच ठाऊक होतं, हे मला नंतर कळलं. शेवटची कादंबरी दोनशे बाराव्या पानापर्यंत झाली.

फोन भरला, तेव्हा तू सगळं त्या कंपनीकडं वर चढवून दिलंस. फोन फुटला तरी आबांचा आवाज जाणार नाही म्हणालीस. मी खोटं बोलणार नाही, सोय झाली. हात पिठात असले तरी नुसतं सांगितलं की आबा वाचायला लागायचे. शालूबाई म्हणाली होती, "नवऱ्याचा आवाज आभाळात ठिवलास व्हय गं? आन् पावसात गळाला म्हंजी?" आपण तिघीही हसलो होतो.

मग ते बंद पडलं. नवा पासवर्ड मागितला, त्याचा कोड गेला आबांच्या जुन्या मेलवर, आणि त्याची किल्ली आबा सोबत घेऊन गेले. तू मृत्यूचा दाखला पाठवलास, आपल्या नात्याचे कागद पाठवलेस. दर वेळी उत्तर एकच, खात्री पटली नाही. खाली सही कुणाची नाही. सातबाऱ्यासाठी आपण तलाठ्याच्या दारात दोन दिवस बसलो होतो, आठवतं? तो खेकसायचा, पण त्याला तोंड होतं. इथं बसायला दारच नाही. ट्रंकेतली आबांची पत्रं उघडून बघितली. दोन उंदरानं कुरतडलीत. बाकीची तशीच आहेत, तू कोण असं मला विचारत नाहीत.

आता ज्यासाठी लिहायला बसले ते. तीन वेळा पासवर्ड चुकला म्हणून खातं बंद झालं, असं तू धरून बसली आहेस. तसं नाही झालं. आबांचं तेरावं करून तू सांगलीला गेलीस, आणि त्यांचं वाचन माझ्यासाठी वेगळं उतरवून घ्यायला तुझ्या कॉम्प्युटरवरून ते खातं उघडत होतीस, त्याच दुपारी आबांच्या फोनवर एक पाटी आली. कुणीतरी खातं उघडू बघतंय, तुम्ही या खात्याचे मालक आहात का? खाली हो आणि नाही. माझ्या ओळखीचा मालक एकच होता, आणि त्याला जाऊन पंधरा दिवस झाले होते. खोटं कशाला बोलायचं, म्हणून मी 'नाही' दाबलं. परवा शालूबाईच्या सुनेच्या, नीलिमाच्या फोनवर तशीच पाटी आली. तिनं चटकन 'हो' दाबलं. मी विचारलं, नाही दाबलं असतं तर? म्हणाली, "मग काय, काकी, त्यांनी चोर समजून सगळं बंद केलं असतं." हे फोनवर सांगायचा दोनदा प्रयत्न केला, दोन्ही वेळा थेंब घातले एवढंच सांगून फोन ठेवला. तुझ्या हातून काही गेलं नाही, संयू. दार मी लावलं. तू त्यांना लिहिणं थांबव आणि घरी ये. कादंबरीत आबांनी बसच्या तिकिटाची खूण ठेवलीय. तिथून पुढचं मला माझ्या डोळ्यांनी होणार नाही. तू समोर बसून वाच. रेकॉर्ड करू नकोस.

तुझीच,
आई