पितृपक्षातली मोटारसायकल

ठाकुर्ली,
भाद्रपद वद्य द्वितीया, १९९४

ती. दादास,

विमलचा साष्टांग नमस्कार. (कंबर धरली आहे, त्यामुळे नमस्कार मनातल्या मनात घातला आहे. तो पुरा धरावा.)

इकडे सर्व ठीक. तुमच्याकडेही ठीकच असणार, कारण नसतं तर तुझं पत्र आलं असतं. सुखात असलास की तुला बहीण आठवत नाही. वहिनीचा गुडघा कसा आहे? मी सांगितलेलं तेल लावत असेल तर बरा असेल, आणि लावत नसेल तर तिने माझ्याकडे तक्रार करू नये. गणपतीला येता आलं नाही म्हणून तू रागावला असशील. पण एसटीत उभं राहून येण्याचं माझं वय राहिलं नाही, आणि बसायला जागा मिळवून देईल असा माणूस मला लग्नात मिळाला नाही. पत्रास कारण काही नाही. सहज बसले होते, कागद पुढ्यात होता, म्हटलं दादाला चार ओळी लिहाव्यात.

रतनची नागपूरला बदली झाली हे तुला कळवलं होतंच. जाताना चिरंजीव दोन चादरी, लोणच्याची बरणी आणि टीव्हीला जोडायचा खेळ मागे ठेवून गेले. चादरी मी वापरायला काढल्या, लोणचं ह्यांनी संपवलं, राहिला खेळ. तू टीव्हीवर बातम्यांपलीकडे काही बघत नाहीस, तेव्हा समजावून सांगते. एक डबा असतो, त्यात कॅसेट खोचायची. (गाण्याची नव्हे. साबणाच्या वडीएवढी जाड, पिवळ्या रंगाची असते.) नाही लागली तर काढायची, तिच्यात फुंकर मारायची आणि पुन्हा खोचायची. चुलीत फुंकून आयुष्य काढलेल्या बाईला हे शिकवावं लागत नाही. मग टीव्हीवर एक मोटारसायकलवाला येतो आणि आपल्या हातातल्या बटणांवर पळतो. जोरातचं बटण फार वेळ दाबलं की इंजिन तापतं आणि स्वारी कडेला उभी राहते. टेकाडावरून उडून चाक वाकडं पडलं तर तो कोलांट्या खात जातो, पण लगेच उठतो, धावत जातो, गाडीवर बसतो. हा त्याचा गुण मला फार आवडला. आपल्याकडे माणूस मोरीत घसरला तर महिनाभर येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत बसतो.

पहिल्यांदा मी तो खेळ फक्त धूळ झटकायला म्हणून चालू केला. (धूळ आतही असू शकते.) दुसऱ्यांदा, पहिल्यांदा नीट बंद झाला होता ना ते बघायला. तिसऱ्यांदा कारण सांगायला घरात कोणी नव्हतं. श्रावण लागेपर्यंत माझी अशी गत झाली, की टेकाड आलं की पलंगावर बसल्याबसल्या माझे पाय जमिनीवरून उचलले जायचे आणि वळणावर मी उशीवर कलंडायचे. एकदा दूध उतू गेलं. एकदा कुकरच्या शिट्ट्यांकडे लक्ष राहिलं नाही आणि डाळीचं पिठलं झालं. ह्यांनी ते पिठलं समजूनच खाल्लं, वर मीठ कमी आहे म्हणाले. ह्यांचं म्हणणं, या खेळाने टीव्हीची पिक्चर ट्यूब जाते. पाच-पाच दिवसांच्या कसोटी सामन्यांनी ट्यूब जात नाही, ती फक्त माझ्या अर्ध्या तासाने जाते.

तर इथे स्टेशनजवळ राघोचं व्हिडिओ लायब्ररीचं दुकान आहे. राघो इथल्याच चोळे गावातला, स्वभावाने गोड आणि शब्दाचा अगदी कच्चा. त्याच्याकडे या कॅसेटी भाड्याने मिळतात. आषाढात त्याने दुकानाबाहेरच्या फळ्यावर खडूने लिहिलं, ‘येत आहे! चिखल! दरी! नदी! नवीन मोटारसायकल!’ मी कोथिंबीर घ्यायला निघाले होते, ती तिथेच थांबले. राघो म्हणाला, “काकी, याच्यात रस्ताच नाय.” मी म्हटलं, मग त्यात नवीन काय, रस्ता डोंबिवलीतही नाही. तर म्हणाला, “तसा नाय ओ. जंगल हाय, दगडगोटे हायेत, नदीतून गाडी काढायची. आनि मेन म्हंजे गाडीवरचा मानूस दिसतच नाय. आपल्यासमोर निस्तं हँडल, आनि पुढं सगला मोकला.” दादा, हे ऐकल्यापासून माझं चित्त थाऱ्यावर नाही. मी तिथल्या तिथे नंबर लावला. माझ्या आधी सात जण होते, माझा आठवा. तेव्हापासून रोज फळ्यावरून एक फेरी मारायची म्हणून मी रोज कोथिंबिरीची जुडी आणते. ह्यांना वाटतं मी वड्यांचा धंदा काढणार आहे. कॅसेट आधी नागपंचमीला येणार होती, मग गोकुळाष्टमीला, मग गणपतीबरोबर. गणपती आले, गौरी आल्या, जेवून परत गेल्या. कॅसेट नाही.

मधल्या काळात बिनरस्त्याच्या जागी गाडी कशी चालवतात याचा थोडा अभ्यास असावा असं मला वाटू लागलं, आणि त्यातून एक प्रसंग घडला. तो तुझ्या कानावर ह्यांच्या बाजूने येण्याआधी माझ्या बाजूने यावा. शीळफाट्याला ह्यांच्या मावसभावाकडे बारसं होतं. आम्ही स्कूटरवरून निघालो. हे नुकतंच धुतलेलं धोतर नेसलेले, मी मागे, मांडीवर बाळासाठी चांदीची वाटी. आदल्या रात्री पाऊस झालेला, त्यामुळे तो रस्ता अगदी राघोच्या फळ्यावर लिहिल्याबरहुकूम होता. मी मागून हळू आवाजात सूचना करत होते, आणि हे ‘हूं हूं’ करत होते. फाट्याच्या अलीकडे एक मोठा खड्डा आला आणि त्याच्या तोंडाशी मातीचा उंचवटा. माझ्या तोंडून निघून गेलं, “जोरात घ्या, पुढचं चाक उचला आणि उतरताना सरळ धरा!” तीस वर्षांत ह्यांनी माझं काही ऐकलं नाही, नेमकं त्या दिवशी ऐकलं. चाक उचललं गेलं. उतरताना सरळ धरायचं मात्र राहिलं. मी चिखलातून उठले, धावत गाडीकडे गेले आणि तिला हात घातला. हे बसूनच होते. मी म्हटलं, “उठा लवकर, वेळ जातोय!” (इथे माझं चुकलं.) बारशाच्या घरी आम्हाला बघून बाळ रडायला लागलं ते पाळण्यात घालेपर्यंत थांबलं नाही. कोणालाही काही लागलेलं नाही, वाटीला फक्त पोचा आला. ह्यांनी दोन दिवस अबोला धरला. त्या दोन दिवसांत माझा बराच सराव झाला.

आता संकट ऐक. काल राघोने निरोप पाठवला, की कॅसेट येत्या दशमीला नक्की येतेय. म्हणजे भर पितृपक्षात! आमच्या बिल्डिंगमध्ये पितृपक्षात कोणी नवी वस्तू घरात आणत नाही. हा नियम फार पूर्वीपासूनचा आहे असं नाही, तो मीच घालून दिला. वरच्या मजल्यावरच्या वासंतीबाईंचा फ्रीज तीन वर्षांपूर्वी असाच पितृपक्षात आला, तेव्हा जिन्यात आडवी उभी राहून मी त्यांना शास्त्र सांगितलं. सर्वपित्री होईपर्यंत फ्रीज जिन्यातच होता आणि आम्ही सगळे पोट आत ओढून त्याच्या कडेने ये-जा करत होतो. त्यांनी घरातून वायर ओढून त्यात दूध ठेवायला बघितलं, तर ती वायरही मीच काढली. असा माझा दरारा. त्याचं फळ असं, की माझ्या आधीच्या साती जणांनी पितृपक्ष म्हणून राघोला नको सांगितलं (त्यांतले चार तर माझ्याच शिकवणीतले) आणि माझा नंबर पहिला आला. मी नाही म्हटलं तर घटस्थापनेला हे साती पुन्हा पुढे येणार आणि मी पुन्हा आठवी. आठव्या माणसाच्या हाती कॅसेट येते तेव्हा सगळ्यांच्या फुंकरी खाऊन तिला दमा झालेला असतो. आणि मी हो म्हटलं, तर वासंतीबाई.

मी बराच विचार केला. भाड्याने आणलेली वस्तू आपली नसते, आपली नाही ती आपल्या घरात नवी कशी होईल, हा मुद्दा मला तरी बिनतोड वाटला. वाळवण आणायला म्हणून गच्चीवर गेले होते, तेव्हा सहज बोलल्यासारखा तो मी वासंतीबाईंच्या कानावर घातला. त्या पापड उलटत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, “हो का? आमचा फ्रीज हप्त्यांवरचा होता. म्हणजे तोही कंपनीचाच होता की हो.” मी वाळवण न घेताच खाली आले.

खाली दारात केशरबाई बसली होती. ही ठाण्याच्या कोळीवाड्यातून मासे घेऊन येते. या दिवसांत आमच्या जिन्यात मासे कोणी घेत नाही, तरी सवयीने येते, टोपली ठेवते, चहा पिते आणि माझा मोटारसायकलवाला पडला की त्याला शिव्या घालते. तिला मी सगळं सांगितलं. तिने एक तोडगा सांगितला आहे, पण तो पत्रात लिहिण्याजोगा नाही.

बाकी विशेष काही नाही. वहिनीला नमस्कार, मुलांना आशीर्वाद. पत्र पोचल्याचं कळव, नाहीतर मी उगाच पोस्टाला नावं ठेवत बसेन.

तुझी,
विमल

ता. क. – वर ‘कारण काही नाही’ लिहिलं आहे ते तसंच राहू दे, पण एक लहानसं काम आहे. केशरबाई म्हणाली, “अगो बाय, मानसांना काय इचारतेस? कावल्याला इचार. त्यो खोटा नाय बोलत.” अष्टमीला अप्पांची तिथी. तू परसातल्या दगडी गडग्यावर पान ठेवशील, तेव्हा माझ्या वतीने मोठ्याने विचार, “अप्पा, विमलने मोटारसायकल घ्यावी का?” (कॅसेट म्हणू नकोस, अप्पांना कळणार नाही.) कावळ्याने घास घेतला तर लगेच तार कर. तारेत ‘घास घेतला, दादा’ एवढं पुरे. ती मी जिन्यात लावणार आहे. त्यांच्या हयातीत माणसं अप्पांच्या शब्दापुढे बोलत नव्हती, आता वासंतीबाई काय बोलतात बघू. कावळा रेंगाळला तर शेजारी एक वडा जास्तीचा ठेव.

ता. क. दुसरा – तू म्हणशील, शास्त्र विचारायचं तर भटजींना विचार, अप्पा कशाला? तुला आठवत नसेल. तुला हायस्कुलात जायला सायकल आली, त्याच आठवड्यात एका दुपारी मी ती घेऊन वडापर्यंत गेले आणि परत आले. एकटी. अप्पा मला काही बोलले नाहीत. संध्याकाळी सायकलला कुलूप लागलं आणि आईकडून निरोप आला, मुलींनी मागे बसावं. मी बसले. आधी तुझ्या कॅरिअरवर, मग ह्यांच्या स्कूटरवर. दादा, मी आयुष्यात जेवढे रस्ते बघितले ते तुझ्या नाहीतर ह्यांच्या पाठीच्या कडेने बघितले. ह्यांची पाठ चांगली आहे, माझी काही तक्रार नाही. पण एकदा माझ्यासमोर कोणी नको आहे, आणि त्याला अप्पांनी हो म्हणावं असं मला वाटतं. इतकी वर्षं झाली, तरी वाटतं. हे वहिनीला वाचून दाखवू नकोस. किंवा दाखव, तीही मागेच बसते.

ता. क. तिसरा – पाकीट चिकटवत होते तेवढ्यात राघो स्वतः दारात आला. सगळे सण चुकवलेली कॅसेट आज वेळेच्या आधी आली. म्हणाला, “काकी, घेता का दुसऱ्याला देऊ?” त्याच्या मागे जिन्यात वासंतीबाई पिशवी घेऊन उभ्या. मी त्यांच्याकडे बघितलं आणि कॅसेट घेतली. त्या माझ्या मागोमाग आत आल्या. मला वाटलं आता फ्रीजचं सगळं उट्टं निघणार, तर पलंगावर बसून म्हणाल्या, “पाप कसं दिसतं तेवढं बघून जाते.” अजून गेलेल्या नाहीत. मी हे लिहितेय तर बटणं त्यांच्या हातात आहेत आणि केशरबाई दारातून “हान बाय, हान” करतेय. पहिली फेरी मात्र माझी झाली. तीनदा पडले. पण समोर कोणी नव्हतं, दादा.

तेव्हा अष्टमीला कावळ्याला काही विचारू नकोस. पान ठेव, नमस्कार कर आणि अप्पांना म्हणावं, विमल विचारत नाहीये, कळवतेय. तार तर मुळीच करू नकोस. तारवाला आला की दार उघडायला उठावं लागतं, आणि नदीत असताना बटण सोडलं तर गाडी वाहून जाते.