माझ्या ओळीमागून कोण फिरतं

२५ नोव्हें., मंगळ.
थिनिंग सुरू. हात गेल्यापासून आज पहिल्यांदा कात्री घेऊन द्राक्षांच्या मांडवाखाली. डाव्या कोपराखाली सायकलच्या ट्यूबची पट्टी, पट्टीला वाकवलेली तार. तारेने घड अडवायचा, उजव्या हाताने दाट झालेले मणी काढायचे. ह्यांनी मला विहिरीकडची ओळ दिली. संध्याकाळी येऊन म्हणाले, "झकास!" बघितलं तरी का? मोबाईल कानाला होता.

२६ नोव्हें., बुध.
चारा कापायच्या कडबाकुट्टीने हात घेतला तेव्हापासून एक शिकले. कौतुक दुकानातल्या साडीसारखं उजेडात नेऊन बघायचं. पोळी लाटली, छान. वेणी घालता येत नाही म्हणून केस कापले, तेही छान. पूर्वी भाजीत मीठ जास्त पडलं की ह्यांचा आवाज शेजारच्या वस्तीवर जायचा. आता खारट भाजी गपचूप खातात. मला ते गप्प राहणंच टोचतं.

२७ नोव्हें., गुरु.
ओळीत गेले तर कालचे घड फारच साफ दिसले. एवढे मी केले होते? थोरल्या जाऊबाई तिथूनच बाहेर येत होत्या. पदर दवाने ओला.
"ताई, इकडं कुठं?"
"मोटर बघाया."
मोटर मळ्याच्या दुसऱ्या टोकाला, बोअरवर आहे. म्हणजे माझ्यामागून कात्री फिरते. मी केलेलं निस्तरतात आणि वर झकास म्हणतात.

२८ नोव्हें., शुक्र.
ओळीच्या मध्यावर पानाआड एक घड मुद्दाम दाट ठेवला. खुणेला देठाला लाल दोरा. मागून फिरणाऱ्या बाईला तो घड दिसला तर तिची कात्री थांबणार नाही. बघूच.

३० नोव्हें., रवि.
घड तसाच. दोरा तसाच. कोणी फिरत नाही! काम माझं आणि चांगलं. दिवसभर गुणगुणत होते, ह्यांनाही नवल वाटलं.
संध्याकाळी कुकर लावला आणि एकदम डोक्यात आलं. थिनिंगला आलेली हरसूलकडच्या मजूर बायकांची टोळी आहे ना, त्यांच्या एकेका घडाला हे हात लावून बघतात. चुकलं की ओरडतात. मग माझी ओळ तपासायला कोणीच का आलं नाही?

१ डिसें., सोम.
विचारलं. "विहिरीकडचा माल कुठं जाणार?"
हे चपला शोधायला लागले. पायातच होत्या.
"ती ओळ लोकलला काढू. एक्स्पोर्टमध्ये धरली नाही."
"कधी ठरलं?"
"तुझ्यावर ताण नको म्हणून गं..."
म्हणजे मी काहीही कापलं असतं तरी चाललं असतं. आपण पोळ्या करताना लहान पोराला कणकेचा गोळा देतो, खेळ म्हणून. तसं. मागून कोणी फिरत असतं तर परवडलं असतं.
गोठ्यात जाऊन रडले. कडबाकुट्टीशेजारी. तिच्यासमोर लाज वाटत नाही.

३ डिसें., बुध.
जेवताना सगळ्यांसमोर बोलले. "मला एक्स्पोर्टच्या प्लॉटात ओळ पाहिजे."
हे म्हणाले, "बघू." ह्यांचं बघू म्हणजे नाही.
मग जाऊबाई. "भाऊजी, द्या तिला. पण मंगल, ऐक. तुझे घड वरून बरे हायेत. खाली तुझी तार पोचत नाय, टोकाला दाट राहत्यात. असा माल गेला तर परत येईल, सगळ्यांचंच नुकसान."
"तुम्हाला कसं माहीत?"
"त्या दिवशी सकाळी बघितलं की. कात्री नाय लावली. भाऊजी म्हनले, तिला सांगू नका, वाईट वाटंल."
ह्यांनी ताटात मान घातली.
"मी तुझ्या मागून फिरंन," जाऊबाई म्हणाल्या. "पण तुला सांगून फिरंन."
वाईट वाटलं. लय वाटलं. तरी एक भाकरी जास्त खाल्ली. हात गेल्यापासून माझी चूक माझ्या तोंडावर सांगणारं घरात हे पहिलंच माणूस. आणि चोर म्हणून मी नेमकं त्यांनाच धरलं होतं.
अर्थात त्यांनी सगळं खरं सांगितलं असेल असंही नाही.

५ डिसें., शुक्र.
एक्स्पोर्टची ओळ. थंडीने बोटं आखडलेली. तार लांब करून टोकाला आकडा काढला. मागे जाऊबाई. त्यांची कात्री वाजली की माझी थांबते.
"हा बघ, खालून सुटला."
थोड्या वेळाने, "हा पन."
दुपारनंतर कात्री कमी वाजायला लागली. शेवटी तर वाजेचना. माझा हात बसला, की त्यांना कीव आली? मान वळवून बघायची सोय नाही, लगेच कळतं त्यांना.

६ डिसें., शनि.
खोड जात नाही. खांबाजवळचा घड मुद्दाम दाट सोडला. आज दोरा नाही. पुढे गेले, पण कान मागे.
जाऊबाई तिथे थांबल्या. नक्की थांबल्या. पानांतून दिसलं, घड तळव्यावर घेतला, खालून वर बघितला. कात्री वाजली नाही. "सुटला" पण म्हणाल्या नाहीत. सोडून पुढे गेल्या.
म्हणजे कीवच. मग बुधवारचं ते तोंडावर बोलणं कशाला...
नाहीतर ओळखलं. ओळखून माझ्यासाठी ठेवला. पटतंही, आणि लगेच पटत नाही.
चहाच्या सुट्टीत मीच मागे गेले आणि तो घड साफ केला. अगदी टोकापर्यंत. आकडा पोचतो आता. वळले तर जाऊबाई बांधावर बसून बघत होत्या. बशीत चहा ओतून माझ्याकडे सरकवला.
"उद्या माझ्या ओळीमागून तू फिर," म्हणाल्या. "माझेबी सुटत्यात. चष्म्याचा नंबर वाढला वाटतं."
चष्मा त्यांनी दिवाळीतच नवा केलाय.
कात्रीला तेल घालून ठेवलं.