नाव जात होती की येत होती

३० डिसेंबर २०२४, सोमवार

रंगनाथमामा म्हणाले, नाव येत होती! एवढंच वाक्य, आणि आईच्या हातातला आंबिलाचा तांब्या तसाच राहिला.

येळवशीला, म्हणजे वेळाअमावास्येला, आजोळच्या शेतात गेलो होतो. ज्वारी छातीला लागते आहे. कडब्याची खोप, सगळ्या शेंगा-भाज्यांची भज्जी, बाजरीचे वाफवलेले उंडे. जेवून सगळे तिथंच आडवे झालो. बांधावरून गंगा, म्हणजे आमची गोदावरी, दिसते, त्यामुळं बुडालेल्या नावेचा विषय निघाला. मामा आईच्या भावकीतले, तिच्याहून मोठे; नाव बुडाली तेव्हा म्हशी राखणारं पोरगं होते. "समद्यांची तोंडं मपल्याकडं व्हती. नाव यायली व्हती," म्हणाले. इतकी वर्षं हे कुणी बोललं नव्हतं. की कुणी विचारलंच नव्हतं?

परत येताना जीपमध्ये आई माझ्या कानाशी म्हणाली, "मल्लेश, तेवढं एक बघ बाबा. जायली व्हती का यायली व्हती."

३१ डिसेंबर

नीट लिहून काढतो, म्हणजे डोक्यात गोंधळ होणार नाही.

आईची आई नागुबाई. सासर गंगेच्या अलीकडं, माहेर पलीकडं. आई रांगत होती तेव्हा घरात काहीतरी भांडण झालं. नागुबाई रागानं माहेरी निघाली. लेकरू सासूच्या मांडीवर टाकलं आणि नावेत बसली. भाद्रपदातला पूर. नाव बुडाली. नावाडी गेला, नागुबाई गेली, आणखीही माणसं गेली. साठ-पासष्ट वर्षं झाली असतील.

आईला तिच्या काकूनं वाढवलं. दूध सांडलं, भाकरी करपली, की काकूचं ठरलेलं — "टाकून गेलेलीची तू." आई आम्हा भावंडांना सोडून एक रात्र कुठं राहिली नाही. कारण कुणी सांगायची गरज नव्हती.

आता मामा म्हणतात तसं नाव खरंच येत असेल, तर नागुबाई माहेराहून परत निघाली होती. लेकराकडं. भांडून गेली हे खरं, पण त्याच दिवशी गेली की आधी — हे सांगणारं आता कुणी उरलं नाही. नावेतून वाचलेल्यांपैकी फक्त सुलामावशी आहे.

३ जानेवारी

माझ्या पिठाच्या गिरणीचा पट्टा तुटायला आला होता. तो आणायला परभणीला गेलो आणि सुलामावशीकडं डोकावलो. आजोळचीच, आईहून सात-आठ वर्षांनी मोठी. आता मुलाकडं, योगीराजकडं असते. दारातच म्हणाली, "आधी पीठ झाड अंगावरचं. मंग बस."

नावेचं विचारलं. तुरीच्या शेंगा सोलत होती, मान वर केली नाही.

"जायली व्हती."

"रंगनाथमामा म्हणतात, येत होती."

"रंग्या काठावर म्हशीच्या शेपट्या धरून हिंडायला व्हता. मी नावंत व्हते! बापासंगं आत्याकडं जायली व्हते, पलीकडं. मंग नाव येईल कशी?"

तिचा बाप त्याच नावेत गेला. चहा पिऊन निघालो.

आईनं विचारलं, "काय म्हणली सुलाबाई?" मी म्हणालो, पट्टा मिळाला.

५ जानेवारी

सकाळी लिंगपूजेला बसलो तरी मन नावेत. महादेवा, तू तर बघितलंस. तू सांगत नाहीस.

नावेत बसलेला आणि काठावर उभा असलेला — कुणाचं खरं धरावं? नावेतल्याला कुठं चाललोय ते माहीत असतं. पण काठावरच्याला सगळी नाव एकदम दिसते. मामांना त्या वेळच्या म्हशींची नावं अजून पाठ आहेत. मावशीनं डोळ्यांदेखत बाप गमावला. दोघंही खोटं बोलणारी माणसं नाहीत. खोटं बोलून मिळायचं काय?

६ जानेवारी

दिवसभर लाईट नाही. गिरणी बंद. ओसरीवर ऊन छान होतं, आईच्या शेजारी बसून शेंगा फोडल्या.

९ जानेवारी

मामांकडं गेलो. ह्या वेळी नुसतं तोंडांचं विचारलं नाही. म्हणालो, त्या दिवशी सकाळपासून काय काय केलं ते सांगा.

मामा खुलले. पुरात नाव सरळ पाण्यात घालत नसत, म्हणाले. आधी काठावरच्या माणसांनी दोर धरून ती आपल्याच काठानं बरीच वर ओढत न्यायची, मग सोडायची. धार तिला खाली नेत नेत पलीकडच्या घाटाला लावते. "त्या सकाळी दोर मीबी वढला. नावाड्यानं वंजळभर शेंगा दिल्या."

"म्हणजे नाव आपल्या काठावरून सुटली?"

"सुटली की."

"आणि तोंडं आपल्याकडं?"

"व्हती. नागुकाकीचं हिरवं लुगडं दिसायलं व्हतं. उभी व्हती ती."

"मग पलीकडं जाऊन परत आली होती का?"

"अरं, माझ्या शेंगा सरल्या नव्हत्या तंवर बुडाली. जाती कधी अन् येती कधी?"

मामांनी अडकित्ता खाली ठेवला. स्वतःच म्हणाले, "मंग फिरवली असंल मधातून. पण पुरात नाव कोण फिरवतंय? आडवी झाली की गेलीच. नावाड्याला कळत नव्हतं व्हय?"

येताना गंगाखेडच्या पुलावर गाडी लावून उभा राहिलो. पाणी अगदी शांत. दोघंही खरं बोलतात! नाव गेलीही आणि आलीही. मनाला बरं वाटलं. पण नाव का फिरवली, ते मावशीला माहीत असणार. आणि तिनं तेवढंच सांगितलं नाही.

१२ जानेवारी

मावशी ह्या वेळी शेंगा सोलत नव्हती. मी दोराचं सांगितलं, उभ्या असलेल्या नागुबाईचं सांगितलं. सुनेला तिनं चहा टाकायला आत पाठवलं. मग हळूहळू बोलली. जसं आठवतं तसं उतरवतो.

"मधात गेल्यावर तुझी आजी उठली. म्हणली, माघारी घ्या, माझं लेकरू पाजायचं राहिलं. अंगावरलं दूध लुगड्याला लागलं व्हतं. नावाडी म्हणला, बाई, आता न्हाई फिरत. ती पाया पडली त्याच्या. कुणीच बोलंना. मंग माझाच बाप म्हणला, घे बाबा माघारी, लेकराचं दूध हाय. नाव आडवी झाली, तशी गंगेनं पालथी घातली."

मी विचारलं, मग आजवर जात होती, जात होती असं का सांगितलं?

"माझ्या आयनं बजावलं. कुंकू पुसल्याला आठ दिस झाले नव्हते तिचं. म्हणली, कुणी इचारलं तर जायली व्हती म्हणायचं, बाकी तोंड उघडायचं न्हाई. लय घरं बुडाली त्या नावंत. नाव त्या लेकरापायी फिरली हे कळल्यावर गावानं तुझ्या आईला सुखानं घास खाऊ दिला असता? टाकून गेली म्हणलं की लोक कीव तरी करतेत."

चहा आला. तो प्यालो. निघताना म्हणाली, "तुला सांगितलं. आता तिला सांगायचं का न्हाई, ते तू बघ."

१४ जानेवारी

संक्रांत. आईनं हातावर तिळगूळ ठेवला. मी गोडच बोललो. तेवढं सोडून सगळं बोललो.

"यायली व्हती" एवढंच सांगावं का? तेही खरंच आहे. पण आई विचारणार, पुढं काय? तिला आई परत मिळेल, आणि त्या बुडालेल्या घरांचं ओझंही त्याबरोबर. ह्या वयात. आजन्म टोमणा सोसला, तो बरा होता म्हणायची वेळ यायला नको.

१६ जानेवारी

सांगितलं. सगळं. काही गाळलं नाही. सकाळी पूजेवरून उठलो तेव्हाच कळलं होतं की ह्यातलं अर्धं सांगणं माझ्याच्यानं होणार नाही.

आई ज्वारी निवडत होती. माझं संपेपर्यंत सूप हातात धरून बसली. मग एवढंच म्हणाली, "म्हंजे यायली व्हती."

आणि पुन्हा निवडायला लागली. मी चार रात्री तळमळलो, आणि हिचं हे असं! दुपारी दीड भाकरी खाल्ली. वर ताक मागितलं.

१७ जानेवारी

पहाटे चुलीपाशी आईनं हाक मारली. रात्री झोपली नसावी, पण चेहरा स्वच्छ होता.

"मल्लेश, सुलाबाईला माहेर हाय का रं?"

म्हणालो, बाप गेल्यावर घर मोडलं. तिच्या आजोळी वाढली, तिची आई तर लग्नाआधीच गेली. माहेर कसलं.

"माझ्या दुधापायीच मोडलं की ते," आई चुलीत फुंकत म्हणाली. मग म्हणाली, "फोन लाव तिला. माहेरपणाला ये म्हणावं. चांगली पंधरा दिस ऱ्हा म्हणावं. नेसायला काही आणू नको, मी घेते."

२१ जानेवारी

सुलामावशी आज जीपमधून उतरली. हातात एकच पिशवी. दारात आईला बघून म्हणाली, "अगं, मोठी हाय मी तुझ्याहून. हे काय काढलंस म्हातारपणी?"

"माहेरी आल्यावर एवढं बोलू न्हाई," आई म्हणाली. मावशीच्या तोंडावरून भाकरतुकडा ओवाळून टाकला. मग आत तोंड करून मला हाक मारली — "मल्लेश, लेक आलीय घरी. पायावर घालायला पाणी आण."